चंद्राला कागद कोण लावणार?

१९७१ साली ज्यांना कळत होतं अशा कुठल्याही मुंबईकराला विचारा, पाकिस्तानचं विमान त्याच्या डोक्यावरून गेलेलं असतंच. आमच्या घरात तर ते तीनदा गेलं. आत्याने लालबागच्या चाळीच्या गच्चीवरून पाहिलं, पुण्याच्या मामांनी पर्वतीच्या पायथ्याशी ऐकलं, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे ते एवढं खाली आलं होतं की दांडीवरचं लुगडं हललं. खरं म्हणजे त्या लढाईत मुंबईवर एकही बॉम्ब पडला नाही. पुण्यावरही नाही. ज्यांच्या डोक्यावरून विमानं खरोखर गेली ते आमचे थोरले काका. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. पण घरात हा विषय निघाला की सगळ्यांत कमी तेच बोलायचे. आजीच्या लुगड्याचं वर्णन तर ते मान डोलावून ऐकायचे.

तो ३ डिसेंबर, शुक्रवार. दत्तजयंती नुकतीच झाली होती आणि पौर्णिमा सरून जेमतेम एक दिवस उलटला होता. पंतप्रधान इंदिरा गांधी कलकत्त्यात होत्या, ब्रिगेड मैदानावर त्यांची प्रचंड सभा झाली. इकडे पश्चिमेला सूर्य नुकताच मावळलेला, पावणेसहाच्या सुमारास, पाकिस्तानी हवाई दलाची विमानं एकाच वेळी सीमा ओलांडून आत शिरली. पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अवंतीपूर. रात्र पडल्यावर बी-५७ बॉम्बर निघाले, तेव्हा यादी लांबत गेली : अंबाला, हलवारा, सिरसा, आग्रा, जोधपूर, जैसलमेर, उत्तरलाई, भुज, जामनगर. मोहिमेचं नाव ‘चंगेज खान’. राष्ट्रपतींनी त्याच रात्री आणीबाणी जाहीर केली आणि मध्यरात्र उलटल्यावर इंदिराबाईंचा आवाज आकाशवाणीवर आला. बांगलादेशातलं युद्ध आता भारतावरचं युद्ध झालं आहे, असं त्यांनी सांगितलं. चाळीत दोनच रेडिओ चांगले चालणारे. त्या एकेका रेडिओभोवती आठ-आठ बिऱ्हाडं जमली होती. भाषण इंग्रजीत होतं की हिंदीत, यावर आत्या आणि तिच्या धाकट्या जावेचं आजही एकमत नाही.

मुंबईत दिवे गेले. म्हणजे घालवले. काचांना काळे कागद, ते संपले तसे ब्राऊन पेपर, तेही संपले तसे गोणपाट. खळ शिजवायला पातेली कमी पडली. बॉम्बच्या दणक्याने काच फुटून अंगावर येऊ नये म्हणून पट्ट्यांच्या फुल्या मारायच्या. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा. खोलीतल्या बल्बला डालड्याच्या डब्याचं टोपण अडकवायचं, म्हणजे उजेड फक्त ताटापुरता पडतो. होमगार्डची पोरं खालून ओरडायची, “तिसरा मजला, दिवा दिसतोय!” त्यात आमच्या आजीने गॅलरीत येऊन वर बोट दाखवलं आणि विचारलं, “आणि त्या चंद्राला कागद कोण लावणार?”

आजी शिकलेली नव्हती, पण तिचा प्रश्न युद्धशास्त्राच्या नेमक्या मर्मावर होता. चांदणं टिपूर होतं आणि रात्रीच्या बॉम्बरांना तेच हवं होतं. तिकडे आग्र्यात सरकारला हाच प्रश्न पडला होता. हवाई दलाचा तळ शहराला लागूनच, आणि चांदण्यात झळकणारा ताजमहाल म्हणजे वैमानिकासाठी आयती खूण. म्हणून ताजला गोणपाटं नेसवली, वर डहाळ्या आणि पालापाचोळा घातला. शहाजहानने एवढा संगमरवर आणला तो झाकायला गोणपाट पुरलं, हे ऐकून आजीला फार समाधान वाटलं होतं. आपण आणि ताजमहाल एकाच कापडात.

या हल्ल्याला सगळे ‘अचानक’ म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. घरांना तो अचानक होता. विमानतळांना नव्हता, आणि त्याचं कारण कळायला काकांच्या आठवणींत सहा वर्षं मागं जावं लागतं.

१९६५ साली काका पठाणकोटला होते. ६ सप्टेंबरला संध्याकाळी पाकिस्तानची आठ सेबर विमानं झाडांच्या शेंड्यांवरून आली आणि तळावर तुटून पडली. आपली विमानं उघड्यावर उभी होती. काही नुकतीच मोहिमेवरून परतलेली, इंधन भरणं चाललेलं. दहाच्या आसपास विमानं जमिनीवरच जळाली, त्यांत दोन मिग-२१ होती, तेव्हा आपल्याकडे अगदी नवी आलेली. विमानं एवढ्या खालून आली की काकांनी वैमानिकाचं शिरस्त्राण पाहिलं होतं. आमच्या घरातल्या सगळ्या विमानकथांमध्ये मला खरी वाटते ती ही एकच, कारण ती सांगताना ते स्वतः कुठे होते हेही सांगायचे. एका गटारात. तोंड चिखलात. “शिरस्त्राण पाहिलं ते उठून पळताना. तोवर विमान गेलं होतं म्हणा.”

तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली होती. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्य आमच्या पिढीने इतक्या वेळा ऐकलं की त्या माणसाला पठाणकोटसारखी संध्याकाळही सोसावी लागली हे विसरायला होतं. त्या लढाईतल्या त्यांच्या रोजनिशीवरून राम प्रधानांनी पुढे पुस्तक केलं. ज्यांना मंत्र्याचं मन लढाईत कसं चालतं ते पाहायचं आहे त्यांनी ते जरूर वाचावं.

पठाणकोटने हवाई दलाला जे शिकवलं ते फार साधं होतं. विमान उघड्यावर ठेवू नका. पुढच्या सहा वर्षांत सीमेजवळच्या तळांवर काँक्रीटच्या जाड भिंतींचे आडोसे उभे राहिले, वरून गवत-माती, जाळ्या. विमानं एकमेकांपासून लांब ठेवायची, पहाटे आणि संध्याकाळी काही विमानं आकाशातच गस्तीवर. काकांच्या भाषेत, “आधी आम्ही विमानं गणपतीसारखी मांडायचो. मग लपवायला शिकलो.”

शिकायला दुसरा धडाही होता, आणि तो दोन्ही देशांनी एकाच वर्गात बसून घेतला. जून १९६७ मध्ये इस्रायलने सकाळच्या काही तासांत इजिप्तचं हवाई दल जमिनीवरच संपवलं. पाकिस्तानला वाटलं, आपल्यालाही हे जमेल. भारताला वाटलं, हे आपल्यावर होऊ नये. पण इस्रायलने घरी राखणीला फक्त बारा लढाऊ विमानं ठेवली होती, बाकी सगळी धाडली. ती सकाळी धाडली, म्हणजे एक फेरी परतली की इंधन भरून दुसरी, मग तिसरी. पाकिस्तानने एकेका तळावर दोन-चार विमानं पाठवली, मोठा भाग हातचा राखला, आणि वेळ निवडली तिन्हीसांजेची. अंधार पडला की पाठलाग टळतो हे खरं, पण मग दिवसाउजेडीची दुसरी फेरीही उरत नाही. ज्याच्यावर हल्ला झाला तो रात्रभर फावडं घेऊन उभा. अर्धा डाव लावून पूर्ण जिंकायचं, हा जुगार मला कधीच कळला नाही.

मग लावलाच का? याचं उत्तर पूर्वेत होतं. पूर्व पाकिस्तानचं रक्षण पश्चिमेतून करायचं, हा रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयाचा जुना सिद्धांत. ढाक्याकडे दाब पडला की पंजाब-काश्मीरकडे दाबायचं. आणि दाब तर पडतच होता. गरीबपूरला नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला रणगाड्यांची लढाई झालेली. दुसऱ्या दिवशी बोयऱ्याच्या आकाशात आपल्या चार नॅट विमानांनी सेबर पाडली होती. त्यात पॅराशूटने उतरून कैद झालेला एक तरुण वैमानिक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे १९९७ साली पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. युद्ध सुरू झालेलं होतं, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांनी ते नाव दिलं, आणि जगापुढे पहिला वार कुणी केला या प्रश्नाचं उत्तर भारताला फुकटात मिळालं.

त्या संध्याकाळी काका अमृतसरला होते. मिराज विमानं आली, बॉम्ब पडले, धावपट्टीत खड्डे झाले. आडोशांतल्या विमानांना धक्का लागला नाही. काकांची त्या रात्रीची आठवण तोफांची नाही, ठिणग्यांची नाही. ती खडी, सिमेंट आणि घमेल्यांची आहे. दिवे लावायची सोय नाही. मग चांदण्यातच, ज्या चांदण्याला आजी मुंबईत नावं ठेवत होती, त्याच चांदण्यात धावपट्टी दुरुस्त झाली. मजूर, जवान, फिटर, स्वयंपाकी, हाताला लागेल तो माणूस. धावपट्टीवरचा बारीकसा खडाही जेट इंजिनाचा घात करतो, म्हणून भरणं झाल्यावर माणसं ओणवी होऊन हातांनी खडे वेचत होती. “सगळं अमृतसर आम्ही निवडून काढलं,” असं ते म्हणायचे. त्याच रात्री आपल्या कॅनबेरा बॉम्बरांनी सरगोधा, मियांवाली, मुरीद गाठलं. सकाळपर्यंत पुढाकार आपल्याकडे होता. पहिल्या हल्ल्यात आपली विमानं जवळपास गेलीच नाहीत. ज्या गोष्टीसाठी पाकिस्तानने एवढा खटाटोप केला होता, तीच झाली नाही.

याउलट, ज्या घरांचा नेमही कुणी धरला नव्हता तिथे ती संध्याकाळ कायमची घुसली.

आत्याचं लग्न त्याच मार्गशीर्षात, धनुर्मासाच्या आधी, गोरज मुहूर्तावर ठरलेलं. पत्रिका वाटून झालेल्या. गोरज म्हणजे नेमकी तीच वेळ, गायी परतण्याची आणि आता विमानं येण्याची. भटजींनी पंचांग पाहून सांगितलं की मुहूर्त हलणार नाही. वाडीतल्या मांडवावर काळी ताडपत्री घातली, एक गॅसबत्ती, तीही टेबलाखाली. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि भोंगा झाला. बत्ती विझवली. ‘शुभमंगल सावधान’ अंधारात झालं. बहुतेक अक्षता भटजींवर पडल्या. पंगतीत काहींना मसालेभात दोनदा आला आणि काहींना जिलबी आलीच नाही. नवऱ्याकडच्या एका मामंजींनी त्याचा राग पुढे वीस वर्षं धरला. धोका टळल्याचा सलग भोंगा झाला तेव्हा आत्या शेजारच्या काकूंचा हात धरून बसलेली होती आणि नवरदेव पाणी शोधायला गेलेले होते. आत्या म्हणते, त्याच भोंग्याच्या रात्री तिने तोफांच्या लाल ठिपक्यांच्या माळा आकाशात चढताना पाहिल्या आणि त्यांच्या मधून ‘ते’ विमान गेलं. मी तिला अनेकदा विचारलं, ताडपत्रीतून दिसलं कसं? ती म्हणते, “तुला लग्नाला बोलावलं नव्हतं.” माझा तेव्हा जन्म झाला नव्हता, त्यामुळे मुद्दा बिनतोड आहे.

भीती मात्र पोकळ नव्हती, हेही नोंदवायला हवं. कराची ते मुंबई हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आत. जे बॉम्बर आग्र्यापर्यंत आले त्यांना मुंबई लांब नव्हती. गोदी, तेलाच्या टाक्या, ट्रॉम्बे, नौदलाचा तळ, सगळं एकाच बेटाच्या आसपास. पुण्याला लोहगाव. मामांनी ऐकलेलं विमान बहुधा आपलंच कॅनबेरा असणार, रात्री लोहगाववरून उडालेलं. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते दुखावले. शत्रूचं विमान आपल्या वाट्याला आलं होतं, ते कुणी काढून घेतलेलं माणसाला आवडत नाही.

गावाकडची कथा आणखी वेगळी. आमचं गाव साताऱ्याकडचं, सीमेपासून चांगलंच लांब. तिथे छत्रीसैनिक उतरल्याची आवई उठली. आवईलाही मूळ होतं : १९६५ च्या त्याच ६ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तळांजवळ खरोखर कमांडो उतरवले होते, आणि पंजाबातल्या शेतकऱ्यांनी लाठ्याकाठ्या घेऊन ऊसातून, मक्यातून त्यांना हुडकलं होतं. ती बातमी सहा वर्षं चावडीवर मुरली. ७१ साली भांडी विकणारा एक फेरीवाला गावात आला. त्याच्या पिशवीत ट्रान्झिस्टर सापडला. झालं. पोलीसपाटलाकडे नेलं, आडनाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं, शेवटी ‘राष्ट्रगीत म्हण’ म्हणाले. त्याला पहिलीच ओळ येत होती. अडचण अशी की पाटलांनाही पुढचं येत नव्हतं. आपले लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला त्या फेरीवाल्याच्या बाजूने ती कुणी सांगितलेली ऐकायची होती, पण त्या गावात तो पुन्हा भांडी विकायला आला नाही.

पाकिस्तानला उत्तरही मुंबईतूनच मिळालं, याचा मात्र गिरणगावात खरा अभिमान होता. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली. मुहाफिज नावाची सुरुंगशोधक नौकाही गेली. या नौका लहान, लांब पल्ल्याच्या नव्हत्याच, बंदर राखण्यासाठी बनवलेल्या. त्यांना ओढत नेऊन हल्ल्याला सोडायचं ही कल्पनाच पाकिस्तानला सुचली नव्हती. नाविक रशियात शिकून आलेले, म्हणून वायरलेसवर रशियनमध्ये बोलले. चार दिवसांनी विनाश नौकेने कराचीतल्या केमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या. अचानक हल्ला म्हणतात तो हा. यात वार आणि घाव दोन्ही होते. नौदल दिन आपण ४ डिसेंबरला पाळतो तो त्यासाठी. आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. नौदलात कोकणातली पोरं नेहमीच पुष्कळ. पोस्टमन जिना चढायला लागला की पहिल्या मजल्यापासून दारं उघडायची, असं आत्या सांगते. हे सांगताना ती विमानाचं काही सांगत नाही.

भुजची गोष्ट काकांची नव्हे, पण त्यांना सगळ्यांत जवळची. कच्छमधला तो तळ पहिल्या दिवसापासून मारात होता. ८ डिसेंबरच्या हल्ल्यात धावपट्टी पार उखडली. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. माणसं अपुरी. मग शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या. घरी मुलं शेजारणींकडे ठेवून. वरून दिसू नये म्हणून हिरव्या साड्या नेसायच्या, भोंगा झाला की झुडपांत शिरायचं, शांत झालं की पुन्हा घमेलं. धावपट्टी झाकायला शेणही सारवलं. ७२ तासांत विमान उतरलं. सरकारने दिलेल्या ५० हजारांच्या बक्षिसातून त्यांनी गावासाठी सभागृह बांधलं. त्यांचं स्मारक व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं. युद्धाच्या पुस्तकांतल्या वर्णनांत विमानांची नावं, वेग, पल्ला सगळं असतं, घमेल्यांची संख्या नसते. पाकिस्तानच्या ‘चंगेज खान’चा हिशेब चुकला तो या घमेल्यांमुळे, असं काकांचं ठाम मत होतं. मला ते तज्ज्ञांच्या बऱ्याच मतांहून जास्त पटतं. धावपट्टी फोडण्यापेक्षा ती बुजवणं जोवर स्वस्त आहे, तोवर मूठभर बॉम्बांनी तळ बंद पडत नसतो.

२०२१ साली भुजवर हिंदी सिनेमा आला. काका तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होते, ऐकू कमी यायचं, म्हणून पाहिला नाही. मी पाहून आलो आणि त्यांना मोठ्याने सगळी कथा सांगितली, मारामाऱ्यांसकट. त्यांनी मारामाऱ्या सोडून दिल्या. धावपट्टीचं काम दाखवलंय का, एवढंच विचारलं. दाखवलंय, म्हटलं.

“किती वेळात झाली?”

“थोडक्यातच दाखवलंय.”

“बरंय,” म्हणाले, “आमच्या वेळी सिमेंट एवढं लवकर सुकायचं नाही.”